हायड्रोजनची गाडी : बोलबाला किती, बाजार किती?



कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना एका सभासदांनी मला मोबाइलवर आलेला संदेश दाखवला. हायड्रोजन गाड्यांचा बाजार दरवर्षी भरमसाट टक्क्यांनी वाढणार, आजच शेअर घ्या, असा त्याचा मथितार्थ. मुदत ठेव मोडावी का, असा त्यांचा प्रश्न होता. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना आम्ही अंदाजाच्या आकड्याशेजारी प्रत्यक्ष आकडा मांडून बघत असू. इथेही तेच करू.

आधी गाडी समजून घेऊ. ही विजेवरच चालते, पण वीज बाहेरून बॅटरीत भरण्याऐवजी मुख्यतः गाडीतच तयार होते. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन फ्युएल सेलमध्ये एकत्र आले की वीज मिळते आणि धुराऐवजी पाणी बाहेर पडते. टाकी पाचेक मिनिटांत भरते. टोयोटाची 'मिराई' डिसेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी याच गाडीतून संसदेत गेले होते.

आता प्रत्यक्ष आकडे. २०२५ पर्यंत २ लाख गाड्या रस्त्यावर आणायचे जपानने ठरवले होते. आल्या १० हजारांहून कमी. जगभरातली विक्री २०२२ मध्ये सुमारे २० हजार होती, ती २०२४ मध्ये १३ हजारांच्या आत आली. म्हणजे वाढ सोडाच, घटच झाली.

असे का? पहिले कारण पंप. गाड्या नाहीत म्हणून पंप परवडत नाही आणि पंप नाहीत म्हणून गाडी कोणी घेत नाही. शेल कंपनीने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातले आपले मोटारींसाठीचे हायड्रोजन पंप बंद केले. तिथे काही पंपांवर किलोचा भाव ३६ डॉलरवर गेला होता. मिराईच्या टाकीत ५.६ किलो मावतो, म्हणजे एकदा टाकी भरायला सुमारे २०० डॉलर!

दुसरे कारण साध्या गणितात दिसते. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि त्यावर मोटार साधारण १०० किलोमीटर धावते. तेवढीच वीज सरळ बॅटरीत भरली, तर गाडी ३०० किलोमीटर सहज जाते.

मग हायड्रोजन निरुपयोगी आहे का? तसे नाही. लांब पल्ल्याच्या बस आणि मालट्रकना जड बॅटरी वाहणे आणि तासन्‌तास चार्जिंगला थांबणे परवडत नाही. त्यांना हा इंधनाचा पर्याय उपयोगी पडू शकतो. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले : ३७ वाहने, ९ पंप, सुमारे २०८ कोटींचे साहाय्य. त्यांच्या मार्गांत आपला अहमदाबाद–वडोदरा–सुरत आहे आणि पुणे–मुंबईही. पण ही सगळी वाहने बस आणि ट्रक आहेत, घरची मोटार एकही नाही. त्यातही फ्युएल सेलवर चालणारी १५च. बाकीची २२ इंजिनात हायड्रोजन जाळणारी.

टक्केवारी फसवी असते. १०० गाड्यांच्या २०० झाल्या तरी वाढ शंभर टक्केच! म्हणून असा संदेश आला की तीन गोष्टी विचारा : गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती गाड्या विकल्या, पंप किती चालू आहेत, आणि किलोचा भाव काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत म्हातारपणाची ठेव जिथे आहे तिथेच राहू द्यावी. त्या सभासदांनाही मी हेच सांगितले.