माल संपला, तरी शिल्लक शून्य का होत नाही?

आमचे दुकान इंदापुरात, कापड व अस्तराचे. स्टॉकचा हिशेब आम्ही कॉम्प्युटरवर घेतला. पुतण्या बारामतीला इंजिनिअरिंग शिकतो, प्रोग्राम त्यानेच लिहिला. एक मीटर अस्तराच्या दहा-दहा सेंटीमीटरच्या दहा पट्ट्या विकल्या. फळीवर चिंधीही उरली नाही, पण यादीतून तुकडा जाईना. पाहिले तर शिल्लक होती दशांशचिन्हापुढे पंधरा शून्ये आणि मग १३८!

पुतण्या हसला. त्याने केलेल्या गेममध्येही हाच रोग निघाला होता. खेळातला शिपाई ०.१ चे पाऊल टाकतो, बरोबर १ वर पोहोचला की दार उघडायचे. दहा पावलांनी तो ०.९९९९९९९९९९९९९९९९ वर आला. दार उघडलेच नाही.

कारण असे. एकाचे तीन भाग केले तर आपणही ०.३३३ लिहीत राहतो, संपत नाही. कॉम्प्युटर फक्त निम्मे, पाव, अर्धपाव अशा दोनाच्या भागांत मोजतो. त्याला एक दशांश असाच कधी न संपणारा. कुठेतरी तोडावाच लागतो. गंमत म्हणजे आमच्या वाडवडिलांचा सोळा गिरहांचा गज आणि सोळा आण्यांचा रुपया त्याला तंतोतंत जमला असता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, ते त्याला जड जातात.

चूक केसाएवढीही नाही, पण साचते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरबातील धहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत सुमारे शंभर तास चालू होते. ते सुमारे ०.३४ सेकंद चुकले. तेवढ्यात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जाते. ते अडवले गेले नाही आणि २८ सैनिक मेले.

आता पुतण्याने दोन बदल केले. गेममध्ये ‘बरोबर १ आहे का’ असे न विचारता ‘१ पासूनचा फरक अगदी किरकोळ आहे का’ असे विचारले. किरकोळ किती, हे मात्र माणसानेच ठरवायचे. आकडे लाखांत गेले की तीच सूट अपुरी पडते. दुकानासाठी ही सूट आम्हाला पटली नाही. हिशेबात ‘जवळपास’ कशाला? म्हणून कापड पूर्ण सेंटीमीटरमध्ये आणि रक्कम पूर्ण पैशांत ठेवली, मीटर व रुपये फक्त बिलावर छापताना. शंभरातून दहा दहा वेळा गेले, शून्य उरले. प्रोग्राम विकत घेणाऱ्या दुकानदार बांधवांनी आधी हीच दहा पट्ट्यांची परीक्षा घ्यावी.