रातांब्यांची सुटी

शेवटचा पेपर देऊन, रात्रीच्या कोकण रेल्वेने पहाटे रत्नागिरीस उतरून, मी खळ्यात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच आजीचे फर्मान सुटले, की हातपाय धुऊन रातांबे फोडावयास बसावे. आणि वसतिगृहात वर्षभर ज्या आमसुलांच्या डब्यावर माझी आमटी निभावली, त्यांची जन्मकथा त्या दिवशी प्रथमच मी ध्यान देऊन पाहिली.

लालबुंद फळ मधोमध चिरून बिया व गर वेगळा काढावयाचा, त्यात मीठ घालून सुटलेल्या रसात साली बुडवून उन्हात वाळवावयाच्या, आणि असे पुट चार-पाच दिवस पुनःपुन्हा द्यावयाचे, तेव्हा कोठे साल काळसर, मऊ होऊन बरणीत जाण्यास पात्र ठरते. (रातांबा हे फळाचे नाव, आमसूल हे त्या सालीचे; शहरात दोहोंस सरसकट कोकम म्हणतात, हे मला मनापासून खटकते.) बियांचे मुठेल, म्हणजे थिजून घट्ट राहणारे तेल, भेगाळलेल्या टाचांच्या सेवेस आजही रुजू आहे.

मेअखेरीस वळवाची सर आली, तेव्हा सुपे उचलण्यास मी धावलो, तरी एक भिजलेच. आजी काही बोलली नाही, त्या सालींना पुन्हा मीठ लावावयास बसली.