सॅक्सोफोन परत आला, पण कशाच्या रूपात?

२०११ च्या आसपास तुम्ही कॉलेजात असाल, तर अलेक्झांड्रा स्टॅन या रोमानियन गायिकेचं 'मिस्टर सॅक्सोबीट' कानावरून गेलंच असेल. शब्द आठवणार नाहीत, पण सॅक्सोफोनचा तो तुकडा आठवेल. त्याच वर्षी लेडी गागाच्या 'द एज ऑफ ग्लोरी'त क्लॅरन्स क्लेमन्सने सॅक्सोफोन वाजवला, केटी पेरीच्या 'लास्ट फ्रायडे नाइट'मध्ये तो होता, एम८३ च्या 'मिडनाइट सिटी'च्या शेवटीही होता. नव्वदच्या दशकात पॉपवाल्यांनी जुनाट म्हणून बाजूला टाकलेलं वाद्य एकदम चहूकडे कसं?

"फॅशन फिरून येते" हे उत्तर चूक नाही, पण मग अकॉर्डियन का नाही आलं? थोडं वाद्याच्या आत जाऊन बघू.

अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये फ्रान्समध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. वाद्य पितळेचं, पण आवाजाची सुरुवात तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीपासून, म्हणजे रीडपासून होते. फुंकरीने रीड थरथरते आणि नळीतली हवा कंप पावते. आता नळीचा आकार बघा. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सगळीकडे सारख्या व्यासाची असते. तोंडाकडचं टोक बंद असल्यासारखं वागतं, त्यामुळे खालच्या सुरांत मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटीच ठळक उमटतात. सॅक्सोफोनची नळी मात्र आपल्या सनईसारखी शंकूच्या आकारात पसरत जाते, आणि शंकूत दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्या पटी मिळतात. माणसाच्या गळ्यातून निघणाऱ्या सुरातही त्या सगळ्या असतात. सॅक्सोफोन 'गातो' असं आपण म्हणतो, त्यामागचं हे एक कारण.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. हळू फुंकलं तर मूळ सूरच मुख्य असतो. जोर वाढवला की रीड प्रत्येक कंपनात फट पूर्ण बंद करायला लागते, ध्वनिलहरीचा आकार कापल्यासारखा होतो आणि वरच्या पटी भराभर वाढतात. म्हणजे मोठ्याने वाजवलेला सूर नुसता मोठा नसतो, त्याचा पोतच वेगळा असतो. एकाच जोराचा सूर रेकॉर्ड करून व्हॉल्यूम वरखाली केला, तर कानाला ते लगेच कळतं. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ सिंथेसायझर आला आणि कितीतरी वाद्यं की-बोर्डच्या बटणांत गेली. तरीही १९८४ च्या 'केअरलेस व्हिस्पर'ला स्टीव्ह ग्रेगरीचीच फुंकर लागली.

यात वादकाचा घसाही भाग घेतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या चेन, स्मिथ आणि वुल्फ यांनी २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेला प्रयोग बघा. वाजवता वाजवता वादकाच्या तोंडा-घशाच्या पोकळीचा अनुनाद त्यांनी मोजला. नेहमीच्या पट्टीच्या वर, अगदी टिपेचे सूर वाजवताना अनुभवी वादक तो अनुनाद सुराच्या जवळ आणून ठेवत होते. नवशिक्यांना ते जमत नव्हतं आणि ते सूरही निघत नव्हते. बोटं तीच, वाद्य तेच, फरक गळ्याच्या आत.

आता डान्स म्युझिककडे या. खालची जागा किक ड्रम आणि बेसने भरलेली असते. अल्टो सॅक्सोफोनचे मूळ सूर साधारण १४० ते ८८० हर्ट्झमध्ये, आणि वरच्या पटी २००० ते ५००० हर्ट्झपर्यंत सहज पोचतात. आपला कान नेमका तिथेच सगळ्यात तिखट. त्यामुळे बेसच्या धबडग्यातही सॅक्सोफोन ऐकू येतो. अडचण एकच, गायकाची जागाही तीच. दोघं एकदम आले की गिचमिड होते. जुन्या गाण्यांत कडव्यांच्या मध्ये मोठा सोलो देऊन हे सुटायचं. डान्स ट्रॅकमध्ये गायक आपसूकच गप्प होतो ती जागा म्हणजे ड्रॉप. तिथे गळ्यासारखं काहीतरी हवं असतं, पण शब्द नको असतात. माझ्या मते सॅक्सोफोन परतला तो याच फटीतून. क्लिंगांदेच्या २०१३ च्या 'जुबेल'मध्ये हे अगदी स्वच्छ ऐकू येतं.

पण या जागेची किंमत आहे. ड्रॉपला सोलो नको, दोन-चार मात्रांचा चिकट तुकडा हवा, आणि तो पुन्हा पुन्हा हवा. जेसन डेरुलोच्या 'टॉक डर्टी'मधला सॅक्सोफोन त्या गाण्यासाठी वाजवलेलाच नाही. तो बाल्कन बीट बॉक्सच्या 'हर्मेटिको'मधून उचललेलं सॅम्पल आहे. त्या बँडचा सॅक्सोफोनवादक ओरी कॅप्लन. २०१५ मध्ये फिफ्थ हार्मनीचं 'वर्थ इट' आलं, त्यातही तसाच सॅक्सोफोन, आणि गीतकार-संगीतकारांच्या यादीत पुन्हा कॅप्लनचं नाव. निदान श्रेय मिळालं म्हणायचं! दरवेळी असं होईलच याची खात्री नाही. सुटे तुकडे लायब्ररीतूनही मिळतात, आणि ते कुणाच्या फुंकरीचे आहेत हे गाणं ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

फरक स्वतः ऐकायचा असेल तर हेडफोन लावा. 'टॉक डर्टी'तला तुकडा परत आल्यावर सूर कसा सुटतो ते आधीच्या खेपेशी ताडून बघा. मग 'द एज ऑफ ग्लोरी' लावा आणि एकच सूर दोनदा आला की फुंकरीचा जोर कुठे बदलतो ते शोधा. क्लेमन्स जून २०११ मध्ये गेला, ते गाणं बाहेर आल्यावर काही आठवड्यांतच.