उबवणीच्या पेटीत नागपूरची हवा

घरगुती उबवणी यंत्राच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठरलेले असतात: पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. आकडे चुकीचे नाहीत. मात्र ते गाठण्यासाठी पाण्याचे भांडे केवढे ठेवायचे, ते कधी ठेवायचे आणि कधी काढून घ्यायचे, हे कोणतेही माहितीपत्रक नागपूरसाठी लिहिलेले नसते. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांकडे जातो, ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि डिसेंबरची पहाट दहा-बारा अंशांवर येते. अशा गावात बाराही महिने पाण्याचा एकच नेम पाळणाऱ्याची पिल्ले कवचातच मरतात आणि खापर अंड्यांवर फुटते. पाणी ऋतू पाहून ठेवावे आणि ते बरोबर ठेवले की नाही, हे अंड्याच्या वजनाला विचारावे, असे माझे म्हणणे आहे.

वजनालाच का, ते कवचाकडे पाहिले की कळते. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात आणि आतला जीव त्यांतूनच श्वास घेतो. हर्मन राह्न, आमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात या देवघेवीचा हिशेब मांडला. ६० ग्रॅमचे अंडे २१ दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेते, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि सोबत ११ लिटर पाण्याची वाफ सोडते. ही वाफ गेलीच पाहिजे. ती जाते तसतशी अंड्याच्या बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते आणि कवच फोडण्याआधी पिल्लू चोच खुपसून पहिला श्वास त्याच पोकळीत घेते. वाफ कमी गेली तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेले आणि ओले राहते, त्याला आत वळायला जागा उरत नाही. जास्त गेली तर आतला पडदा चामड्यासारखा सुकून अंगाला चिकटतो. म्हणून १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी घटावे, हे खरे उद्दिष्ट आहे. आर्द्रतेचा आकडा ही तिथवर जाण्याची वाट आहे, आणि वाटेलाच मुक्काम समजण्याची चूक बहुतेकांकडून होते.

आता नागपूरच्या हवेकडे येऊ. वर्तमानपत्रात छापून येणारी आर्द्रता सापेक्ष असते. त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, एवढेच ती सांगते. तीच हवा पेटीत शिरून ३७.५ अंशांवर आली की टक्का बदलतो, आतली वाफ मात्र तेवढीच राहते. पावसाळ्यातली २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत आल्यावर सुमारे ५० टक्क्यांवर येते. म्हणजे भांडे कोरडे ठेवले तरी आकडा जवळपास पुस्तकातला! त्यात अंडी स्वतः वाफ सोडतात ती वेगळीच. अशा दिवसांत नेमाने भांडे भरणारा माणूस अंड्यांना चक्क बुडवत असतो. उलट हिवाळ्याच्या पहाटे बाहेर ७० टक्के आर्द्रता असली, तरी १२ अंशांच्या हवेत मुळात वाफच थोडी असते. पेटीत तिचे जेमतेम १५ टक्के उरतात. ४५ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या मे महिन्यातल्या दुपारचे पेटीत २२ टक्के होतात. पेटीपुरता पाहिला तर नागपूरचा थंडगार डिसेंबर भाजून काढणाऱ्या मे महिन्यापेक्षाही कोरडा ठरतो. दारात धुके पाहून पाण्याचे भांडे काढून घेणारा इथेच फसतो. उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीचा हिशेब आणखी निराळा: ३० अंश आणि ६० टक्क्यांची हवा पेटीत ३९ टक्क्यांवर येते, म्हणजे पाणी लागते, पण कूलर नसलेल्या खोलीपेक्षा कमी.

पाणी वाढवायचे म्हणजे भांडे काठोकाठ भरायचे, असा समज आहे. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून निघते, भांड्याच्या खोलीतून नव्हे. उभ्या पेल्यातल्या लिटरभर पाण्यापेक्षा पसरट ताटलीतले दोन बोटे पाणी अधिक काम करते, आणि त्यात स्पंजचा तुकडा उभा ठेवला तर आणखी. आर्द्रता टिकावी म्हणून हवेची भोके बुजवणे मात्र घातक आहे, कारण शेवटच्या आठवड्यात पिल्लांची प्राणवायूची गरज सर्वांत जास्त असते.

यावर पहिला आक्षेप येईल तो आर्द्रतामापकाचा: यंत्रात तो बसवलेला आहे, मग वजन करण्याचा खटाटोप कशाला? स्वस्त मापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो, म्हणून. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलसर केलेले, पण न विरघळलेले मीठ आणि मापक आठ-दहा तास ठेवावा. त्याने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. जितका फरक दिसेल तितकी त्याची चूक. वजन करायला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. गावरान कोंबडीची दहा अंडी ४५० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी सुमारे २२ ग्रॅम आणि १८ व्या दिवशी सुमारे ५६ ग्रॅम घट दिसावी. सातव्या दिवशी घट १५ च असेल तर पाणी काढा, ३० असेल तर ताटली मोठी करा. दुरुस्तीला अजून अकरा दिवस हातात असतात, ही या पद्धतीची खरी कमाई. तेवढ्यासाठी पेटी दोन मिनिटे उघडली तर काही बिघडत नाही. खुडूक कोंबडीही रोज दाणापाण्याला उठतेच.

याच कोंबडीवरून दुसरा आक्षेप निघतो. तिला कुठे आर्द्रता मोजता येते, तरी पिल्ले निघतात! खरे आहे, पण तिच्या पोटाखाली हवा जवळजवळ स्थिर असते, अंड्याला वरून अंगाची ऊब आणि ओल मिळते, खालून गवताचा गारवा. पंख्याच्या पेटीत कोरडी हवा अंड्याच्या सर्व बाजूंनी सतत फिरते. कोंबडीचा दाखला पेटीला लागू पडत नाही. कवचात मेलेल्या पिल्लांना इतरही कारणे असतात, हा तिसरा आक्षेप मात्र मान्य करावाच लागतो: चुकलेले तापमान, न फिरवलेली अंडी, आठवड्याहून जुनी अंडी. म्हणूनच न फुटलेले अंडे फेकण्याआधी फोडून पाहावे. पिल्लू लिबलिबीत आणि फुगीर असेल तर पाणी जास्त झाले, पडद्यात आवळलेले असेल तर कमी पडले. यातले काहीच नसेल तर पाण्याला दोष देऊ नये.

शेवटच्या तीन दिवसांत वजनाचे काम संपते. तेव्हा आर्द्रता ६५ च्या वर न्यावी आणि झाकण मिटून ठेवावे, कारण चोचीने पाडलेल्या भोकातून पडदा झपाट्याने सुकतो. निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्याला दिवसभर पेटीत ठेवले तरी ते उपाशी राहत नाही. आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, अंडी बसवूच नका. घरगुती पेटी तापवू शकते, गार करू शकत नाही. खोलीच ४२ अंशांवर गेली तर पाण्याचा कोणताही हिशेब उपयोगी पडत नाही. तेवढ्या दिवसांत पिल्ले हवीच असतील तर नागपुरातल्या शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात एक दिवसाच्या पिल्लांची चौकशी करावी. स्वतःची पेटी पाऊस स्थिरावल्यावर, जुलैच्या मध्यात लावा, आणि सुरुवातीला ताटली कोरडीच ठेवा.