धडपडणाऱ्या मुलांना योगासनांची साथ

सात-आठ वर्षांचे मूल चालता चालता दाराला धडकते. हातातला पेला सांडतो, शर्टाची बटणे आईला लावून द्यावी लागतात, बुटाची नाडी तर जमतच नाही. लंगडीच्या डावात त्याला कोणी घेत नाही. तोंडी विचारले तर धडा येतो, पण वहीत अक्षर ओळ सोडून भटकते. अशा मुलाला ‘वेंधळा’, ‘धांदरट’ ही नावे मिळतात आणि वर ‘लक्षच देत नाही’ म्हणून धपाटाही मिळतो.

यातील काही मुलांना खरोखरच एक अडचण असते. वैद्यकशास्त्रात तिला ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ म्हणतात. १९९४ साली कॅनडात जमलेल्या तज्ज्ञांचे या नावावर एकमत झाले. शाळकरी मुलांपैकी शंभरात सुमारे पाच-सहा जणांना ती असते. मुलग्यांत ती अधिक दिसते, तसेच अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांतही. मुलाची बुद्धी चांगली असते, अंगात ताकदही असते. घोटाळा होतो तो हालचालीची आखणी करण्यात आणि स्नायूंचा मेळ घालण्यात. पाचव्या वर्षाच्या आत हे निदान सहसा करत नाहीत, कारण त्या वयात प्रत्येक मुलाची गती वेगळी असते.

आता योगासनांचा येथे काय संबंध? शरीराचा तोल सांभाळताना मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो : डोळे, कानाच्या आतला भाग आणि स्नायू व सांधे. हात कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे, हे न पाहता कळते ते स्नायू व सांध्यांमुळे. या मुलांत ही जाणीव अनेकदा कच्ची असते. मैदानी खेळात सगळे झटपट घडते, त्यामुळे मूल मागे पडते. आसन मात्र सावकाश करायचे असते. त्यात हरणे-जिंकणे नाही आणि चेंडू चुकला म्हणून ओरडणारे सवंगडीही नाहीत.

सुरुवात ताडासनाने करावी. दोन्ही पावलांवर सारखा भार आला आहे का, हे मुलालाच विचारावे. वृक्षासन भिंतीला एक हात टेकवून करावे आणि पाऊल प्रथम घोट्यापाशीच ठेवावे. डोळे उघडे ठेवून समोरच्या एखाद्या खुणेकडे पाहायला सांगावे, कारण ही मुले तोलासाठी नजरेवर फार अवलंबून असतात. मार्जारासन जमू लागले की उजवा हात व डावा पाय एकदम उचलायला सांगावा, मग उलट बाजू. शेवटी थोडा वेळ शवासन. आठवड्यातून चार-पाच दिवस, दहा-पंधरा मिनिटे पुरेत. भिंत, खुर्ची यांचा आधार घेण्यात कमीपणा नाही. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी तर अशा साधनांचा वापर जगभर रूढ केला.

सूर्यनमस्काराची घाई करू नये. बारा स्थिती ओळीने लक्षात ठेवणे हेच या मुलांना अवघड जाते. दोन स्थिती पक्क्या झाल्या की तिसरी घ्यावी. शिकवणाऱ्याने समोर तोंड करून उभे राहू नये. डावे-उजवे उलटे दिसते आणि मूल गोंधळते. शेजारी उभे राहावे. २१ जूनला शाळेच्या पटांगणात दीडशे मुलांबरोबर ताल साधता आला नाही म्हणून त्याला रांगेबाहेर काढण्यात कोणते आरोग्य साधते, ते मला समजत नाही.

योगाने ही अडचण ‘बरी होते’ असे मात्र कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये. या विषयावरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. तोल, आत्मविश्वास व स्वस्थपणा यांसाठी आसनांची साथ घ्यावी. पण नाडी बांधणे नाडी बांधूनच येते, सायकल सायकलवर बसूनच. जे काम अडते तेच तुकडे पाडून रोज करून घेणे हा मुख्य उपचार आहे. ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट शिकवतात. कणीक मळणे, शेंगा सोलणे ही घरची कामेही उपयोगी पडतात.

फिट येणाऱ्या मुलाला कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जलद श्वसनाचे प्रकार देऊ नयेत. शीर्षासन तर कोणत्याच लहान मुलाला घरी करायला लावू नये.

काही लक्षणे मात्र वेगळी आहेत. पूर्वी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, शरीराची एकच बाजू कमजोर वाटली, पोटऱ्या फुगीर दिसू लागल्या किंवा जमिनीवरून उठताना ते मांड्यांवर हात टेकू लागले, तर आसने बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. डोळ्यांची तपासणी तर प्रत्येकाचीच करून घ्यावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व सरकारी शाळेत तपासणीला येते, त्यांना मुलाची अडचण आवर्जून सांगावी. पुढील तपासणी व उपचारासाठी ते मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते.