गट आधी, गाडी मागाहून

मोटारींची शर्यत म्हटली की एकमेकींना घासत धावणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ऑटोक्रॉसचा प्रकार निराळा आहे. अमेरिकेत एखाद्या विस्तीर्ण वाहनतळावर अथवा वापरात नसलेल्या धावपट्टीवर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात आणि प्रत्येक गाडी एकटीच घड्याळाशी झुंज घेते. खेळ साधारण मिनिटभराचा. शंकू पाडल्यास प्रत्येकी २ सेकंदांचा दंड. मार्ग चुकल्यास ती फेरीच बाद. १९४४ साली स्थापन झालेली ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था या स्पर्धा ‘सोलो’ या नावाने भरविते. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली झाली. २००९ पासून ती नेब्रास्कातील लिंकन शहरी होत आली आहे.

आपल्या घरांतील कित्येक मुले आज त्या देशात नोकरीस आहेत. हाती पहिली गाडी आली की तिला काही नवे बसवावे, असे त्यांना वाटू लागते. नेमकी येथेच गफलत होते. तालमीत वाढलेल्या वाचकांना कुस्तीतील वजनगट सांगावयास नकोत. ऑटोक्रॉसमध्येही गट असतात. परंतु ते गाडीच्या मूळ कुवतीबरोबरच तिच्यात केलेल्या फेरफारांवरही ठरतात. ‘स्ट्रीट’ या सर्वांत साध्या विभागात शॉक ॲब्सॉर्बर बदलता येतात, ब्रेक पॅड बदलता येतात, गाडीचा कल रोखणारी पुढची अथवा मागची एक दांडी बदलता येते. स्प्रिंगांना मात्र हात लावता येत नाही. चाकांची रुंदी मूळचीच हवी. टायरवर झिजेचा जो अंक छापलेला असतो, तो २००हून कमी चालत नाही. आता कोणी हौसेने नुसत्या स्प्रिंगा बदलल्या, तर गाडी वरच्या विभागात जाते आणि तिची गाठ रुंद चाके व इतर अनेक सुधारणा केलेल्या गाड्यांशी पडते. खर्च करून हार विकत घेणे ते हेच! म्हणून त्या वर्षीची नियमावली आधी वाचावी, गट ठरवावा आणि मगच पान्याला हात घालावा. नियम बदलत असतात. मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

गाडी फार ताकदीची असावी, हाही एक भ्रम. तीव्र वळणांच्या मार्गावर हलकी गाडी सरस ठरते. १९८९ साली बाजारात आलेली माझदाची मियाटा ही छोटी दोन आसनी गाडी या खेळात इतकी लोकप्रिय झाली, ती यामुळेच. उंच आणि अरुंद गाड्यांना उलटण्याच्या भयाने मज्जाव असतो.

तयारी म्हणावी तर अगदी घरगुती. डिकीतील व आसनांखालील सुटे सामान काढावे, चाकांचे नट घट्ट आहेत ना ते पाहावे, बॅटरी हलत नाही ना ते तपासावे. ब्रेकचे पेडल दाबल्यावर टणक लागले पाहिजे. पैसा खर्चावयाचाच असेल, तर प्रथम चांगल्या टायरांवर खर्चावा. त्यांतील हवेचा दाब ठरविण्याची एक युक्ती आम्हा शिक्षकांना विशेष आवडावी अशी आहे. टायरच्या कडेवर खडूच्या रेघा ओढावयाच्या आणि फेरीनंतर पाहावयाचे. खडू कडेवरच्या खुणेच्याही खालपर्यंत पुसला गेला असेल, तर टायर वळणावर दुमडत आहे. हवा थोडी वाढवावी. खडू बराच वरपर्यंत शिल्लक राहिला, तर हवा कमी करावी.

स्पर्धेपूर्वी सारा मार्ग पायी फिरून पाहावयाचा असतो, तोही दोनतीनदा. हेल्मेट अनिवार्य आहे. स्वतःच्या फेऱ्या नसतील तेव्हा प्रत्येकाने मैदानात उभे राहून दुसऱ्याने पाडलेले शंकू जागेवर ठेवावयाचे, हा दंडकही मला मोलाचा वाटतो.

आपल्या देशात ऑटोक्रॉस हे नाव बहुधा मातीच्या मैदानावरील स्पर्धेस लावतात. तेथे धूळ आणि खड्डे असतात. इंजिनाच्या तळाला संरक्षक पत्रा लागतो. पोटगटांची नावे व नियमही वेगळे, तेव्हा आयोजकांची नियमपत्रिका मागवून घ्यावी. आणखी एक गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांनी जरूर पाहावी. खासगी मोटारीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात, आणि शर्यत व वेगचाचणी त्यातून वगळलेली असते. रोजच्या वापराची गाडी मैदानात उतरवून तिचे काही मोडले, तर तो खर्च घरच्याच खिशातून जावयाचा.