वर्गणीतून वाचलेला संघ

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला अनोळखी नाही. 23 ऑक्टोबर 2022 ला विराट कोहलीने हारिस रौफला लागोपाठ दोन षटकार मारले ते तिथेच. त्या रात्री स्टेडियमात नव्वद हजारांहून जास्त लोक होते. पण त्याच्या महिनाभर आधी, 24 सप्टेंबरला, त्याच स्टेडियमात 1,00,024 माणसं बसली होती आणि ती क्रिकेट बघायला आलेली नव्हती. तिकडे ज्याला सगळे लाडाने ‘फुटी’ म्हणतात, त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची ती ग्रँड फायनल होती.

हा खेळ निघाला मात्र क्रिकेटवाल्यांच्याच डोक्यातून. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नावाजलेला क्रिकेटपटू. हिवाळ्यात हातपाय सुस्त पडू नयेत म्हणून क्रिकेटपटूंनी फुटबॉलचा क्लब काढावा, असं पत्र त्याने जुलै 1858 मध्ये एका वृत्तपत्राला लिहिलं. पुढच्याच वर्षी, 17 मे 1859 ला, त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून दहा नियम कागदावर उतरवले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनची नियमावली 1863 ची. म्हणजे अख्खं जग ज्या फुटबॉलवर जीव टाकतं, त्याच्या नियमावलीपेक्षा ही चार वर्षांनी थोरली! पुढे सामने क्रिकेटच्या मैदानांवर होऊ लागले, म्हणून फुटीचं मैदानही लंबगोल.

चेंडूही लंबगोलच. एका बाजूला अठरा खेळाडू, ऑफसाइडची भानगड नाही. चेंडू लाथेने मारायचा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा; फेकला तर फाउल. पळताना दर पंधरा मीटरच्या आत त्याला एकदा जमीन दाखवायची. लाथेने उडवलेला चेंडू किमान पंधरा मीटर आला आणि कुणी तो अधांतरी झेलला, तर तो ‘मार्क’. मग झेलणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, त्याने सावकाश नेम धरून किक मारायची. एवढं मोठं बक्षीस ठेवल्यावर माणसं काय करतात? समोरच्याच्या पाठीवर गुडघा रोवून, त्याच्या खांद्यावर चढून झेल घेतात. 1970 च्या ग्रँड फायनलमध्ये कार्लटनच्या ॲलेक्स जेसॉलेंकोने असा एक झेल घेतला, तो तिकडे आजही पुन्हापुन्हा दाखवतात. त्या दिवशी 1,21,696 प्रेक्षक होते. या मैदानावरच्या फुटीचा तो उच्चांक अजून मोडलेला नाही. मध्यंतराला 44 गुणांनी मागे असलेलं कार्लटन शेवटी दहा गुणांनी जिंकलं.

प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, एकच गुण. मधल्या खांबाला नुसता घासला तरी एकच. फुटीच्या चाहत्याचं निम्मं सुखदुःख या सहा आणि एकच्या मधल्या जागेत आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये ॲडलेडच्या बेन कीजने शेवटच्या मिनिटांत सिडनीविरुद्ध गोल मारला. पंचांना वाटलं चेंडू खांबाला लागला. त्यांनी एकच गुण दिला, ॲडलेड एका गुणाने हरलं आणि बाद फेरीत जाण्याची संधी गेली. निर्णय चुकल्याचं दुसऱ्या दिवशी लीगने जाहीरपणे मान्य केलं. निकाल होता तोच राहिला.

आणि तो चेंडूचा टप्पा! गोल चेंडू कुठे उसळेल ते आपल्याला सांगता येतं, लंबगोल चेंडूचं कुणीच सांगू शकत नाही. टोकावर पडला की पोटावर पडला, यावर त्याची दिशा ठरते. सेंट किल्डा हा समुद्रकाठच्या वस्तीचा जुना संघ. त्याच्या नावावर एकच अजिंक्यपद आहे, 1966 चं, तेही एका गुणाने मिळालेलं. 2010 च्या ग्रँड फायनलमध्ये शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना तो संघ कॉलिंगवूडच्या एका गुणाने मागे होता. लेनी हेजने गोलकडे लांब किक मारली. चेंडूमागे स्टीव्हन मिल्न धावत होता, समोर मोकळं गोल. चेंडूने टप्पा घेतला आणि काटकोनात वळून बाजूच्या फटीतून निघून गेला. एक गुण. 68-68. सायरन वाजला तेव्हा मैदानावरच्या कुणालाच हसावं की रडावं कळेना. पुढच्या शनिवारी अख्खी फायनल पुन्हा खेळवली आणि कॉलिंगवूड 56 गुणांनी जिंकलं. सेंट किल्डाचे लोक त्या टप्प्याविषयी आजही बोलतात आणि अजूनही वाट बघतात.

ही वाट बघणं मला या खेळातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. लीगमध्ये अठरा संघ आहेत, चषक एक. सगळं अगदी न्यायाने वाटलं तरी एका संघाची पाळी अठरा वर्षांतून एकदा. न्याय व्हावा म्हणून लीगने खटपटही केली आहे: खेळाडूंच्या पगाराच्या एकूण रकमेवर मर्यादा आहे, आणि 1986 मध्ये नव्या पोरांची निवड सुरू झाली तेव्हापासून तळाच्या संघाला पहिली पसंती. यंदा शेवटचा नंबर आला तर पुढच्या वर्षीचा हिरा आपल्याला मिळेल, एवढी आशा हरलेल्याच्याही हातात राहते. तरी रिचमंडवाले 37 वर्षं थांबले, मेलबर्न क्लबवाले 57. आजोबांनी पाहिलेला चषक नातवाने पाहिलेला नाही, अशी घरं तिथे शेकड्यांनी आहेत.

कारण संघ आपण निवडायचा नसतो, तो घरातून येतो. कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड, एसेंडन, फिट्झरॉय, फुट्सक्रे ही सगळी मेलबर्नच्या वस्त्यांची नावं. कॉलिंगवूड म्हणजे बुटांच्या आणि टोप्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांची वस्ती. तिच्या संघाने 1927 ते 1930 अशी ओळीने चार अजिंक्यपदं मिळवली, तो विक्रम आजतागायत अबाधित आहे. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हे लगेच उमगतं: दिवसभर कारखान्यात राबलेल्यांचं स्वतःचं असं काहीतरी शनिवारी जिंकत होतं. महाराष्ट्रात याचं सगळ्यात जवळचं रूप कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये आहे. मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम आणि शिवाजी पेठेची खंडोबा तालीम शाहू स्टेडियमवर समोरासमोर आल्या की पोरगा कुणाच्या बाजूने ओरडणार हे त्याच्या घराच्या पत्त्यावरून सांगता येतं.

रोजचा आनंद मात्र चषकावर अवलंबून नसतो. सामन्याच्या आधी प्रत्येक संघाची चाहतेमंडळी एक प्रचंड बॅनर करतात, तोही क्रेप पेपरचा आणि चिकटपट्टीचा. आठवड्यातल्या संध्याकाळी एखाद्या हॉलमध्ये जमिनीवर रांगत, पट्ट्या जोडत, अक्षरं चिकटवत बसतात. वारा असेल तर सामन्याच्या दिवशी दोन्ही बाजूंचे दोर ताणून धरायला माणसांची कमतरता भासते. मग खेळाडू धावत येतात आणि त्या बॅनरमधून आरपार जातात. आठवडाभराच्या कामाच्या क्षणात चिंध्या! पुढच्या आठवड्यात नवा बॅनर. जिंकलेल्या संघाचं गाणं लाउडस्पीकरवर लागतं, हजारो लोक ते तोंडपाठ म्हणतात. आणि दोन संघांच्या चाहत्यांना वेगळं बसवत नाहीत. एकाच बाकावर नवरा एका रंगाचा मफलर घालून, बायको दुसऱ्या रंगाचा. पोलिसांची भिंत मधे लागत नाही, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

आता फुट्सक्रेकडे येऊ. मेलबर्नच्या पश्चिमेची ही कारखान्यांची वस्ती. त्याच पश्चिम भागात, थोडं पुढे, टार्निट आणि पॉइंट कुकच्या नव्या वसाहतींत आज भारतातून गेलेली कितीतरी कुटुंबं राहतात, त्यांत मराठीही आहेत. 1989 च्या ऑक्टोबरमध्ये लीगने ठरवलं की कर्जात बुडालेला फुट्सक्रेचा संघ फिट्झरॉयमध्ये विलीन करायचा. मग अख्खी पश्चिम बाजू उठली. एक सामान्य चाहती सरळ न्यायालयात गेली आणि थोडी मुदत मिळाली. तेवढ्या मुदतीत लोकांनी डबे घेऊन दारोदार, दुकानोदुकान, सिग्नलवर उभं राहून गणपतीची वर्गणी काढावी तशी वर्गणी काढली. लाखो डॉलर जमले, संघ वाचला.

पुढे त्याचं नाव वेस्टर्न बुलडॉग्ज झालं. चषक मात्र 1954 नंतर मिळाला नव्हता. 2016 मध्ये ते गुणतक्त्यात सातव्या नंबरवर राहून बाद फेरीत आले. सातव्या नंबरचा संघ कधीच अजिंक्य झालेला नव्हता. 1 ऑक्टोबरच्या फायनलमध्ये, शेवटच्या सत्रात, टॉम बॉइडने पन्नास मीटरच्या रेषेबाहेरून किक मारली. चेंडू गोलच्या अलीकडेच पडला. या वेळी टप्पा सरळ आला आणि चेंडू मधल्या खांबांतून आत गेला. बुलडॉग्ज 22 गुणांनी जिंकले, 62 वर्षांनी. त्यांचा कर्णधार बॉब मर्फी हंगामाच्या सुरुवातीलाच गुडघा दुखावून बसला होता, फायनल त्याने बाहेरून पाहिली. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने बक्षीस घेताना त्याला व्यासपीठावर बोलावलं, स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं आणि चषक उंचावताना त्यालाही सोबत घेतलं. मर्फीने ते पदक नंतर परत केलं. 1989 मध्ये डबा घेऊन फिरलेली माणसं त्या दिवशी प्रेक्षकांत होती, काहींची नातवंडं मांडीवर.

सगळ्यांच्या नशिबी हे नसतं. ज्या फिट्झरॉयमध्ये बुलडॉग्ज विलीन होणार होते, तोच क्लब सात वर्षांत संपला. 1 सप्टेंबर 1996 ला त्याने पर्थमध्ये शेवटचा सामना खेळला, हरला, आणि तो ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. वस्तीपासून रस्त्याने सतराशे किलोमीटर दूर! काही चाहते फिट्झरॉयच्या सिंहाच्या चिन्हामागे ब्रिस्बेनकडे वळले आणि 2001 पासून सलग तीन चषक त्यांनी पाहिले, 2024 आणि 2025 चेही. काहींनी फुटी कायमची सोडली. आणखी काहींनी क्लबची नोंदणी मरू दिली नाही, आणि 2009 पासून फिट्झरॉय हौशी खेळाडूंच्या लीगमध्ये पुन्हा खेळतो आहे, ब्रन्सविक स्ट्रीटच्या आपल्या जुन्या मैदानावर.

तुम्हाला बघायचंच असेल तर हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. ग्रँड फायनल बहुतेक वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी असते. तिकडे दुपारी अडीचला खेळ सुरू होतो, तेव्हा सोलापुरात सकाळचे दहा वाजलेले असतात.